हेडमास्तरांची गार बाजू

८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. फोन का उचलत नाहीस म्हणून भांडणार होतो, पण तुझं उत्तर मला पाठ आहे. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेस, आता त्या यंत्राचं तोंड बघायचं नाही. तेव्हा पत्र.

बातमी अशी की आमच्या घरात चौथा जीव आला आहे. लगेच भलते तर्क करू नकोस, या वयात तसलं काही नाही. सरडा आहे. त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी असते आणि मनाविरुद्ध काही झालं की तो ती फुगवून काळी करतो. रंगाने सुक्या वाळूसारखा, शेपटीसकट दीड वीत भरेल. अजून लहान आहे म्हणतात, वाढेल.

झालं असं, पाळीव प्राण्यांच्या दुकानातला डीप फ्रीझर बंद पडला म्हणून दुरुस्तीला मला बोलावणं आलं. चिंगीच्या शाळेला सुट्टी होती आणि हिला लॅबमध्ये ड्यूटी, म्हणून पोरीला बरोबर नेलं. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं, पण चिंगी माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही हे तुला माहीत आहेच. उद्धट नाही ग ती. स्वतःचं ताट उचलते, काही दिलं तर थँक्यू म्हणते. पण मला काय हाक मारायची ते न ठरल्यामुळे माझ्याकडे काम असलं की नुसती समोर येऊन उभी राहते, माझी नजर वर जाईपर्यंत. त्या दिवशी मी फ्रीझरच्या मागे तोंड घालून बसलो होतो आणि ती सगळा वेळ एका काचेसमोर उकिडवी बसून होती. मी उठल्यावर तिनं विचारलं की हा काय खातो. ताई, तिनं आपणहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यानंतर त्या सरड्याला तिथे सोडून येणं माझ्याच्यानं झालं नसतं.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आता सांगतो. चिंगीच्या वडिलांचे वडील तिला आपल्याकडे न्यायला तयार आहेत. भला माणूस आहे, कोर्टात टायपिस्ट होते. मुलगा गेल्यापासून त्यांना ही एवढीच. हिनं चिंगीला शब्द दिला आहे की वर्षाची परीक्षा झाली की कुठे राहायचं ते तिचं तिनं ठरवायचं. आजोबा मार्चअखेर येतील. ही मला काही बोलून दाखवत नाही, पण चिंगीच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मध्येच थांबते. आणि खरं सांगायचं तर ती गेली तर मलाही सोसणार नाही. एकट्यानं चाळिशी ओलांडली, तेव्हा घरात कोणी नाही याचं काही वाटत नव्हतं. आता वाटेल.

पत्राची वाट बघतो. गुडघ्यांना आणि तुला, दोघांनाही आराम दे.

तुझा,
धाकटा


१६ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. पाल दिसली की पलंगावर चढून घर डोक्यावर घेणारा तू, आणि तूच पालीचा थोरला चुलतभाऊ घरी घेऊन आलास! लाचच द्यायची होती तर मांजर काय वाईट होतं? निदान मला कधी येऊन मांडीवर तरी घेता आलं असतं.

मग दुसरं पान वाचलं आणि हसू गेलं. आजोबांचं इतके दिवस लपवलंस याचा मला राग आला आहे, तो राग या पत्रापुरता धरून ठेवते आहे. तिनं ठरवायचं असा शब्द तुझ्या बायकोनं दिला, यात मला तिचं कौतुकच वाटतं. आईला असला शब्द देताना काय होत असेल! तो शब्द आता दोघांनी पाळा. मध्ये लुडबुड करू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे. लहानपणी बी पेरलं की रोज उकरून बघायचास.

बाकी त्या प्राण्याला नाव काय ठेवलं, राहतो कुठे, तुझ्या बायकोनं घर सोडून जायची धमकी दिली का, सगळं सविस्तर लिही. तिनं विचारलं की हा काय खातो, त्यावर तू उत्तर काय दिलंस ते लिहायचं मात्र विसरलास.

सगळ्यांना माझी आठवण सांग, सरड्याला लांबूनच.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर काहीच दिलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं? दुकानदाराला विचारू या म्हटलं. तो म्हणाला जिवंत किडे आणि पालेभाजी. किडे म्हणजे रातकिडे, डबा भरून आणायचे, त्यांना कॅल्शियमची पूड फासायची आणि चिमट्याने द्यायचे. पहिल्याच आठवड्यात डब्याचं झाकण नीट न लावल्यामुळे (कोणी ते विचारू नकोस) सगळे रातकिडे स्वयंपाकघरात पळाले. ते ओट्याखालून किर्र करतात, ही भाजी चिरताना हातातली सुरी खाली ठेवते, आणि माझ्याकडे नुसतं बघते. धमकी दिलेली नाही. बघणं पुरतं.

नाव हेडमास्तर. चिंगीनं ठेवलं. दगडावर बसून मान तिरकी करून सगळ्यांकडे असा बघतो की आपला गृहपाठ राहिला आहे असं वाटतं. मधूनच एक हात वर करून हवेत हळू फिरवतो. चिंगी वाचनालयातून पुस्तक घेऊन आली, त्यात म्हणे तो हात फिरवणं म्हणजे मी गरीब आहे, मला मारू नका. म्हणजे हेडमास्तर आतून आपल्यासारखेच.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दुकानदार म्हणाला होता की या प्राण्याला चाळीस अंशांच्या आसपास ऊन लागतं. आमच्या वर्कशॉपमध्ये थंड बाटल्यांचा एक जुना फ्रिज होता, काचेच्या दाराचा. तो मी आडवा केला. सगळ्या भिंतींत उष्णता अडवणारा उत्तम थर, दाराला नवा रबर, तसूभर हवा बाहेर जाणार नाही. आत दिवा, उन्हासारखा उजेड देणारी नळी, वर थर्मोस्टॅट, आणि हवा फिरवायला एक छोटा पंखा. सकाळी आपोआप चालू, संध्याकाळी आपोआप बंद. कुठल्याही कोपऱ्यात थर्मामीटर ठेव, आकडा तोच! आमच्या धंद्यात पेटीचे सगळे कोपरे सारखे झाले की मेकॅनिक पास. जन्मभर लोकांचं सामान गार ठेवलं, एका जिवाला ऊब द्यायची पाळी पहिल्यांदा आली आणि काम झकास झालं.

त्याच झपाट्यात चिंगीच्या खोलीचंही सगळं केलं. खिडकीच्या फटी बुजवल्या, हीटर बसवला, टेबलावर नवा दिवा, दारामागे कपड्यांना खुंट्या. थंडी वाजते का, उजेड पुरतो का, भूक लागली का, येताजाता विचारत असतो. ती बरं आहे म्हणते आणि दार लोटून घेते. हळूहळू होईल.

सगळ्यांचा नमस्कार घ्यावा.

धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या घरी फुकटात गाणं चालू आहे हे वाचून हेवा वाटला. माझ्याकडे शेजाऱ्यांचा मिक्सर तेवढा गातो.

पेटीचं वर्णन वाचलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू खूश आहेस हे कळलं. त्याच्या पुढचा परिच्छेद वाचून मात्र कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. बाबा रे, तिच्या खोलीत तू दिवसातून कितीदा डोकावतोस? खरं सांग. आणि ती दार लोटते तेव्हा पुन्हा कसलं तरी निमित्त काढून ठोठावतोस की नाही?

मी आपली विचारते. उत्तर मला नको, तुझं तुलाच दे.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

नेहमीसारखं लिहायला आज मन नाही.

हेडमास्तरांनी खाणं टाकलं. आधी वाटलं रुसला असेल. मग तो दगड सोडून काचेच्या दाराला छाती लावून पडून राहायला लागला, तोंड उघडं, दाढी काळी. हातपायही हलवेना. पुस्तकात तोंड उघडणं म्हणजे ऊन खातो आहे असं होतं, म्हणून मी चिंगीला दोनदा सांगितलं की हे चांगलं लक्षण आहे. तिनं शाळेतून आल्यावर दार उघडून त्याला उचललं तर तो तिच्या हातात मानही वर करेना.

बुटांच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. खोकं चिंगीच्या मांडीवर होतं, मी गाडी चालवत होतो. बाईंनी त्याला बघितलं आणि मग मला विचारलं की हा राहतो कुठे. मी आपलं सुरू केलं, रबर, थर, पंखा, सगळे कोपरे सारखे. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की प्राण्याला काही रोग नाही, घराला आहे. या जिवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती तो बाहेरून घेतो, पण त्याचं तो घेतो. दिव्याखाली जाऊन तापतो, पुरे झालं की चालत गार बाजूला जातो, परत वाटलं तर परत येतो. म्हणून पेटीचं एक टोक कडक आणि दुसरं गार असावं लागतं. तुम्ही त्याला जायला गार जागाच ठेवली नाहीत, काचेला चिकटला कारण तेवढीच काय ती बरी होती. रात्री दिवे बंद होत होते म्हणून वाचला.

ताई, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. पेटीतला जीव कुठे जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सामान कुठे जात नसतं ना.

घरी येऊन चिंगीनं पेटीची वायर उपटली आणि माझ्यावर ओरडली. वर्षभरात कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाली की तुम्ही सगळंच बंद करून टाकता. मग आत जाऊन आजोबांना फोन केला की परीक्षा संपली की लगेच न्यायला या. हिनं ऐकलं, मीही ऐकलं. हेडमास्तर सध्या तिच्या खोलीत टेबलावर आहे, एका टोकाला दिवा लावलेल्या उघड्या टबात. काल एक पान खाल्लं असं हिच्याकडून कळलं.

मी खोलीशी जात नाही. काय करू ते लिही. लगेच लिही.

धाकटा


१ मार्च

चि. धाकट्यास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडू आलं, आणि ते सरड्यासाठी नव्हतं.

तुला वाईट वाटेल तरी लिहिते. तू पेटीचं जे केलंस तेच पोरीचं केलंस. फटी बुजवल्यास, चारी बाजूंनी माया लावलीस, आणि तिला तुझ्यापासून जरा लांब जाऊन बसायला जागा ठेवली नाहीस. तिचा बाप गेला आहे रे. तिला त्याच्याजवळही बसायचं असेल. तिथे बसली म्हणजे तुझ्यावर राग आहे असं नसतं.

मी बोर्डावर नवीन होते तेव्हा फोन जोडला की लाईनवरच राहायची, दोघांचं नीट ऐकू जातंय ना म्हणून. आमच्या मोठ्या बाई एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की जोडलंस ना, आता बाहेर पड, तू असलीस की ती माणसं बोलत नाहीत. मला फार लागलं होतं. पण खरं होतं.

ती गेली तर जाईल. तू वाईट माणूस ठरणार नाहीस. पेटी दुरुस्त कर, ते तुझं काम आहे आणि ते तुला येतं. बाकी तिच्यावर सोड. मी असते तर तुला जवळ घेऊन बसले असते.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये वाचलं, घरी नाही. दोन दिवस रागावलो होतो तुझ्यावर. मग उठलो आणि पेटी अंगणात काढली.

रबर काढला. पंखा काढला. एका बाजूच्या भिंतीत आणि वरून जाळीच्या खिडक्या कापल्या. आपलंच इतकं सफाईचं काम करवतीनं कापताना जीव थोडा थोडा झाला, पण कापलं. दिवा एका टोकाला नेला, त्याखाली सपाट दगड. दुसऱ्या टोकाला नुसती फरशी आणि आडोशाला एक उपडी कुंडी, अर्धी फुटलेली. चिंगीला हाक मारली नाही. तिच्या खिडकीतून अंगण दिसतं, पण मी एकदाही वर बघितलं नाही, ताई, मान आखडली तरी.

ती आली. हातात हेडमास्तर, खांद्याशी धरलेला. बराच वेळ उभी होती. मग माझ्या हत्यारांतली टेंपरेचर गन उचलली. तिचा घोडा दाबला की समोरच्या वस्तूचं तापमान दिसतं. तिनं दगड मोजला, फरशी मोजली, कुंडीच्या आतलं मोजलं, आणि दगडावर खडूनं आकडे लिहिले. दिवा दोन बोटं वर घ्यायला सांगितलं. मी घेतला. मग तिनं हेडमास्तरला बरोबर मध्ये ठेवलं आणि आम्ही दोघं मागे सरकलो. तो आधी दगडावर गेला, बऱ्याच वेळानं उठून कुंडीत शिरला. त्याची दाढी पार फिकी होती. चिंगी मात्र आत गेली नाही.

आता ही तुला आवडेल की नाही माहीत नाही अशी गोष्ट. पेटीला दोन्ही बाजूंनी मी हँडलं बसवली. आजोबांच्या गाडीचं मागचं दार किती रुंद आहे ते त्यांनाच फोन करून विचारलं आणि पेटीची एक कड तेवढी कापून कमी केली. चिंगीनं हँडलं कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं की हेडमास्तर तुझा आहे, तू जाशील तिथे त्याचं घर जायला हवं, आणि तिकडे पेटी कुठे ठेवायची, दिवा किती उंच, ते आजोबांना मी सांगून ठेवीन. ती हँडलाकडे बघत राहिली. मग आत गेली.

हिला कळल्यावर ही म्हणाली की तू तिची जायची सोय करतोस का. आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. पण पेटी तशीच ठेवली.

आजोबा रविवारी येत आहेत. चार दिवसांत काय ते कळेल. तुझा धाकटा भाऊ या वेळी लाईनीतून बाहेर पडला आहे, एवढं समजून घे.

धाकटा


२४ मार्च

ती. आत्यास,
चिंगीचा साष्टांग नमस्कार.

आत्या लिहिलं म्हणून दचकू नका. कारण पुढे आहे. आपण एकदाच भेटलो, आई आणि त्यांच्या लग्नात. तुम्ही मला जवळ ओढलं नाहीत, नुसती शेजारची खुर्ची पुसून दिलीत. ते मला आवडलं होतं.

रविवारी आजोबा आले. हेडमास्तरनं त्यांच्याकडे बघून हात फिरवला. आजोबांना वाटलं तो टाटा करतो आहे, म्हणून त्यांनीही केला. मग आजोबा आणि ते, दोघांनी हँडल धरून पेटी गाडीपर्यंत नेऊन बघितली. मागच्या दारातून ती बरोबर आत गेली, अजिबात घासली नाही. ते आजोबांना सगळं समजावत होते, दिवा किती उंच, पाणी कसं शिंपडायचं, कातडी सुटायला लागली तर ओढायची नाही, आपोआप सुटू द्यायची. मी फाटकाशी उभी होते. आई दारात होती आणि पदराला हात पुसत होती, पण हात ओले नव्हते.

ते जाऊ नकोस असं एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील. मग मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण ते आजोबांना एवढंच म्हणाले की तिला सकाळी उठल्या उठल्या कोणी बोललेलं आवडत नाही. हे त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी म्हटलं की पेटी परत आत न्या. मला नीट सांगता येत नाही, पण गाडीत पेटी मावते आहे हे दिसल्यावरच मला कळलं की मला जायचं नाही.

आजोबांना वाईट वाटलं. मला दिसलं, आणि मलाही वाटलं. मी त्यांच्याजवळ गाडीत बसून राहिले, खूप वेळ, आणि कोणी हाक मारायला आलं नाही. सुट्टीत मी त्यांच्याकडे जाणार आहे, हेडमास्तरला घेऊन. म्हणून हँडलं काढायची नाहीत असं मी सांगितलं आहे.

आता आत्याचं. माझे बाबा ते माझे बाबा. ती जागा मी कोणाला देणार नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. त्यांना काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही. पण माझ्या बाबांना बहीण नव्हती, त्यामुळे आत्याची जागा माझ्याकडे पहिल्यापासून रिकामीच आहे. तिथे तुम्ही बसलात तर कोणाला उठवावं लागत नाही. वर्गातल्या मुली आत्याला तू म्हणतात. मी थोडे दिवस तुम्ही म्हणीन, चालेल ना?

तुमचे गुडघे बरे झाले की इकडे या. सरडा लांबूनच बघायचा असेल तर लांबून बघा. मला उत्तर लिहा, वेगळं, माझ्या नावानं.

तुमची,
चिंगी

ता. क. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही काही लिहू नका. पाकिटावर मी फक्त ‘ती. आत्या’ एवढंच लिहिलं आहे. तुमचा पत्ता मला पाठ नाही, म्हणून आता हे पाकीट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते. त्या दोन शब्दांखाली पत्ता त्यांना लिहावा लागेल.